दुधाचा पगार आपल्या नावावर कसा आणावा

सोलापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर पहाटे शेणघाण काढण्यापासून संध्याकाळची धार काढण्यापर्यंतचे बहुतेक काम बाई करते. डेअरीच्या रजिस्टरवर नाव मात्र घरधन्याचे असते आणि दहा दिवसांचा पगार त्याच्याच खात्यात जमा होतो. त्यामुळे दुसरी गाय घेण्याचा विचार करण्याआधी खाते आपल्या नावावर करून घ्यावे. आधार कार्ड आणि एकटीच्या नावाचे बँक पासबुक घेऊन गावातल्या दूध संस्थेकडे सभासदत्वाचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी. जनावराच्या कानातल्या 12 अंकी बिल्ल्याची नोंद कोणाच्या नावावर आहे, हेही पशुवैद्यकीय दवाखान्यात पाहावे, कारण विम्याच्या वेळी तो क्रमांक लागतो.

गाईच्या दुधाचा दर साधारणपणे 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरणारे घन घटक) धरून ठरतो, आणि इथेच पैसा निसटतो. शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते, म्हणून घाईघाईने कास अर्धवट सोडू नये. किटलीत साय वर येते; दूध मापाने तळापासून दोन-तीनदा ढवळल्याशिवाय नमुना घेऊ देऊ नये. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर (हिरव्या शेंड्यांवर) जनावर ठेवल्यास त्यातील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो. म्हणून वाढ्यांबरोबर कडब्याची कुट्टी आणि आंबोणात (पेंड-भुशाच्या खुराकात) खनिज मिश्रण द्यावे.

वही रोज लिहावी. समजा, गाय दिवसाला 10 लिटर दूध देते आणि दर 30 रुपये आहे, तर हाती 300 रुपये येतात. पेंडीचे 120 आणि चाऱ्याचे 80 वजा जाता 100 उरतात. घरच्या रानातला कडबा फुकटचा समजू नये, त्यालाही बाजारभाव लावावा. उरलेल्या शंभरातूनच औषधपाणी आणि दोन महिन्यांचा भाकड काळ निभवायचा असतो. स्वतःचे तासही त्याच पानावर मांडावेत. चार तासांचे काम असेल, तर ताशी 25 रुपयेच पडतात, आणि हा आकडा घरात सर्वांना वाचून दाखवावा.

पगाराच्या दिवशी रोजच्या पावत्या वहीशी ताडून पाहाव्यात. पेंडीची उचल किंवा आगाऊ रक्कम कापली असेल, तर ती कोणी, कोणत्या तारखेला उचलली, हे तिथेच विचारावे आणि उत्तर वहीत लिहून ठेवावे.