फॉर्म आधी खिशात घाला: मानसोपचार वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगसाठी

दर वर्षी आमच्या वॉर्डात नर्सिंग शिकणाऱ्या मुली पोस्टिंगला येतात, हल्ली चार-दोन मुलगेही असतात. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातात मेंटल स्टेटसचा, म्हणजे पेशंटची मनःस्थिती तपासून नोंदवायचा, छापील फॉर्म. मुलगी फॉर्मकडे बघत विचारते, ‘तुमचा मूड कसा आहे?’ पेशंट म्हणतो, ‘बरा आहे.’ रकाना भरला. कळलं काय? काही नाही.

म्हणून फॉर्म आधी खिशात घाला आणि दहा मिनिटं नुसतं बघा. पेशंट जेवायच्या रांगेत कसा उभा राहतो, कपडे कुणी घालून दिलेत की स्वतः घातलेत, एकटाच ओठ हलवतो का, मधेच कान देऊन थांबतो का. पाय सारखे हलत असतील, एका जागी बसवत नसेल, तर लगेच ‘अस्वस्थ’ लिहून मोकळं होऊ नका. गोळ्यांमुळेही तसं होतं. मान वाकडी होऊन अडकली किंवा डोळे वर चढले तर मुलाखत राहू द्या, डॉक्टरांना बोलवा. आणि वॉर्डात काम करणाऱ्या मावशी-मामांना विचारा. रात्री पेशंट ‘झोपलो’ म्हणतो, पण तीन वाजता व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना मामांनी पाहिलेलं असतं.

बसताना खुर्ची समोरासमोर ठेवू नका, जरा तिरकी ठेवा. दाराकडची जागा तुमची, पण पेशंटचीही वाट अडवू नका. ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढून ठेवा. आधी नाव सांगा, किती वेळ बोलणार ते सांगा. काका, मावशी, दादा चालतं, पण नावानं हाक मारलेली आवडते का ते विचारून घ्या. माझ्या एका पेशंट शिक्षकांना ‘काका’ म्हटलं की राग यायचा. ‘सर’ म्हटल्यावर बोलायला लागले.

सोबत सासू असेल तर सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूच देते. तिच्याशी वाद घालू नका. ‘आजी, तेवढा केस पेपर खिडकीवरून आणता का?’ एवढं म्हणा. खिडकीवर रांग असतेच. सासूचं म्हणणं नंतर वेगळं ऐका, तेही लागतंच.

आता प्रश्न. पुस्तकातला प्रश्न जसाच्या तसा मराठीत आणला तर तो कुणालाच कळत नाही. मूड विचारायचा तर ‘जीव कसा आहे? करमतं का? कशात मन लागतं?’ असं विचारा. माणसं ‘मी उदास आहे’ म्हणत नाहीत. ‘छातीवर दगड ठेवल्यावानी वाटतं’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘अंगात राम नाही’ असं म्हणतात. हे शब्द जसेच्या तसे लिहा. पेशंट सांगतो तो मूड. तुम्हाला चेहऱ्यावर दिसतो तो अफेक्ट. दोन्ही जुळत नसतील तर तेही लिहा.

वेळेचं भान तपासताना एका मुलीनं एका शेतकरी बाईला तारीख विचारली. बाईला सांगता आली नाही. फॉर्मवर लगेच ‘वेळेचं भान नाही’. मी बाईला पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, ‘पोळा होऊन आठ-दहा दिस झाले, आत्ताच म्हालक्ष्म्या उठल्या की.’ त्या मुलीपेक्षा बाईंचं पंचांग पक्कं होतं. लक्ष तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, त्याचंही तसंच. शाळेत न गेलेल्याला वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. अमूर्त विचार तपासायला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ किंवा ‘दुरून डोंगर साजरे’ चालतं, पण ही म्हण तुमच्याकडे म्हणतात का, हे आधी विचारा.

आवाजांबद्दल विचारताना चेहरा सरळ ठेवा. ‘आजूबाजूला कुणी नसताना कानात बोलणं ऐकू येतं का? एकाचं की अनेकांचं? काही करायला सांगतात का?’ शेवटचा प्रश्न विसरायचा नाही; जीव घ्यायला किंवा द्यायला सांगत असतील तर उठून आधी डॉक्टरांना कळवायचं. ‘असं काही नसतं हो’ म्हणू नका आणि ‘हो, मलाही येतोय’ असंही म्हणू नका. मी म्हणते, ‘मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे दिसतंय.’ अंगात देवी येते असं सांगितलं तर लगेच भ्रम लिहू नका. गावात, घरात ते कसं बघतात, कधीपासून आहे, कामधंदा बिघडलाय का, ते विचारा.

मरणाबद्दल विचारायला सगळ्या घाबरतात. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हळूहळू जा: ‘जीव नकोसा होतो का? मरून जावं वाटतं? जीव द्यायचा विचार आला? कसा, ते ठरवलंय? आज तसं वाटतंय का?’ घरी फवारणीचं औषध असेल तर ते कुणाच्या ताब्यात आहे, ते नातेवाइकांना विचारा आणि कुलपात ठेवायला सांगा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. प्रयत्न करून आलेल्याला ‘पोलीस केस होईल’ म्हणून दटावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं धरूनच चालतं. घरी सोडताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

दारूबद्दल ‘पिता का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’. ‘शेवटची कधी घेतली?’ विचारा. बंद होऊन दोन-तीन दिवस झालेत, हात थरथरताहेत, भिंतीवर किडे दिसताहेत, तर ते वेड नाही, तातडीचं आहे. म्हाताऱ्या माणसाचं एकाएकी बरळणंही तसंच. ताप, साखर, लघवी आधी बघा.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ ती गप्प झाली आणि चार दिवस माझ्याशी बोललीच नाही. नंतर म्हणाली, ‘मला काय झालंय तेच तुम्हाला माहीत नव्हतं, मग ठीक कसं होणार?’ तेव्हापासून मी शेजारी बसते आणि पंख्याचा आवाज ऐकते. दोन मिनिटं फार मोठी वाटतात, पण बहुतेक वेळा पुढचं वाक्य पेशंटच बोलतो.

प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः उतरवणं, त्याच दिवशी लिहा. जुन्या फायलीतून उतरवलेलं मला दोन ओळींत कळतं, कारण त्यातले सगळे पेशंट पुस्तकी मराठी बोलतात.

अमेरिकेतल्या नर्स हिल्डेगार्ड पेप्लाऊबाईंनी १९५२ साली नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडले, ते परीक्षेत लिहालच. वॉर्डात शेवटचा, निरोपाचा टप्पा मात्र विसरला जातो. ‘मी इथे पंधरा दिवस आहे, रोज नऊला येईन’ हे पहिल्याच भेटीत सांगा आणि शेवटचे तीन दिवस आठवण करून द्या. एका मुलीनं सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर तिचा पेशंट आठवडाभर केस विंचरून नऊ वाजता बाकावर बसत होता. आणि निघताना आठवण म्हणून वॉर्डात फोटो काढू नका.