कॅप्टन लाइट, कर्नल लाइट: नगरसंस्थापकाचा लष्करी हुद्दा कसा तपासावा

संस्थापकाच्या नावामागे 'कॅप्टन' किंवा 'कर्नल' दिसलं, की तो हुद्दा दिला कोणी, हे आधी शोधा. फ्रान्सिस लाइटने 1786 मध्ये पिनांगचं (आताच्या मलेशियात) जॉर्जटाउन वसवलं, तर त्याचा मुलगा विल्यम याने 1836 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची जागा निवडली. या बापलेकांच्या हुद्द्यांवरून तपासाची रीत नीट कळते.

1. तक्ता करा. उल्लेखाची तारीख, नेमके शब्द आणि लिहिणारा कोण, एवढे रकाने पुरेत. पुतळे, पाट्या, स्मरणिका तळाशी ठेवा. त्या बहुधा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. दहा ठिकाणी 'कर्नल' आला तरी पुरावा एकच.

2. कॅप्टन कुठला, ते ठरवा. फ्रान्सिस तरुणपणी रॉयल नेव्हीत (ब्रिटिश नौदलात) मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी होता, पण तो सनदी (सरकारी नेमणूकपत्राने मिळणारा) हुद्दा नव्हे. 'कॅप्टन' आलं ते पुढे व्यापारी जहाजांवर कप्तानी केली म्हणून. नौदलातला कॅप्टन मात्र लष्करातल्या कॅप्टनपेक्षा बराच वरचा. इथे गल्लत झाली की पुढचा सगळा शोध चुकीच्या दप्तरात होतो.

3. याद्या चाळा. ब्रिटिश लष्करासाठी वार्षिक आर्मी लिस्ट (अधिकाऱ्यांची यादी) आणि लंडन गॅझेट (सरकारी राजपत्र). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी (उदाहरणार्थ, जेकबाबाद वसवणारा जॉन जेकब) असेल, तर ईस्ट इंडिया रजिस्टर ही कंपनीची यादी. पलटणीतला हुद्दा आणि सैन्यातला हुद्दा वेगळा असू शकतो; सैन्यात मिळालेल्या अशा वरच्या हुद्द्याला ब्रेव्हेट बढती म्हणतात. अर्ध्या पगारावरच्यांची (प्रत्यक्ष सेवेत नसलेल्या अधिकाऱ्यांची) यादी स्वतंत्र असते, ती हमखास राहून जाते. एकाच नावाचे दोघे निघाले तर पलटण आणि सनदेची तारीख जुळवा. नुसत्या नावावर विसंबू नका.

4. नाव सापडलं नाही, तर लगेच 'तोतया' ठरवू नका. विल्यम 1808 मध्ये चौथ्या ड्रॅगून्स या घोडदळाच्या पलटणीत कॉर्नेट (सर्वांत खालचा अधिकारी) झाला आणि 1821 मध्ये त्याने ब्रिटिश सैन्य सोडलं, तेव्हा तो कर्नल नव्हता. 1823 मध्ये तो स्पेनमध्ये उदारमतवाद्यांच्या बाजूने लढायला गेला आणि तिथे लेफ्टनंट कर्नल झाला. बोलताना लेफ्टनंट कर्नललाही 'कर्नल'च म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या गावांबाबत आधी स्थानिक मिलिशियाची (नागरिकांच्या फौजेची) दप्तरं पाहा; तिथे अनेकदा तुकडीच आपला कॅप्टन निवडायची.

5. निष्कर्षात सेवेचं नाव घालाच. विल्यमबद्दल 'स्पॅनिश सेवेतला लेफ्टनंट कर्नल. ॲडलेडमध्ये सर्व्हेअर जनरल, हे मुलकी पद' असं लिहा, आणि फ्रान्सिसबद्दल 'जहाजाचा कप्तान'.