केमो संपल्यावर घर, नातेवाईक आणि मंडळ कसे सांभाळावे

शेवटच्या केमोनंतर पहिले काही आठवडे घरातले सगळे हळुवार वागतात. पुढे केस उगवू लागतात, चेहऱ्यावर तजेला येतो आणि बाई आता बरी झाली असे सगळे मनोमन ठरवून टाकतात. मग मुलीचा डबा, सासूबाईंच्या गुडघ्याचे डॉक्टर, नणंदेकडचे डोहाळजेवण, सोसायटीची सभा आणि मंडळाचा गणपती हे सगळे पूर्वीच्याच वेगाने दाराशी येऊन उभे राहते. स्तनाच्या कर्करोगाचे माझे उपचार चार वर्षांपूर्वी परळला झाले आणि घर दादरला असल्यामुळे येण्याजाण्याचे हाल झाले नाहीत. खरी ओढाताण उपचार संपल्यावर सुरू झाली. त्या अनुभवातून आणि डॉक्टरांना विचारून जे शिकले, ते इथे सांगते. आजार आणि उपचार प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे औषध, आहार आणि व्यायामाबाबत अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचाच मानावा.

सर्वांत आधी घरातल्यांना थकवा समजावून सांगावा. हा थकवा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही, आणि उपचार संपल्यावर काही महिने, काही जणींना वर्षाहून अधिक काळही तो टिकतो. त्याला आळस समजू नये, तसेच तो निमूटपणे सोसूही नये, कारण रक्त कमी असणे, थायरॉइड बिघडणे, झोप न लागणे किंवा मन खचणे अशी त्यामागची काही कारणे तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपाय होतो. पडून राहण्यापेक्षा थोडे थोडे चालण्याने हा थकवा कमी होतो, हे मलाही आधी पटले नव्हते. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला अर्ध्या फेरीपासून सुरुवात केली. अर्ध्यावर कट्ट्यावर बसायचे आणि रिक्षा नसल्याने टॅक्सी करून घरी यायचे, असे पहिले दोन आठवडे गेले.

त्यानंतर कॅलेंडर हाती घ्यावे. स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या ज्या कालनिर्णयावर आपण दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहितो, त्यावरच आधी डॉक्टरांच्या तारखा लाल पेनाने लिहाव्यात. स्तनाच्या कर्करोगात पहिली तीन वर्षे साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी असते, पुढची दोन वर्षे ६ ते १२ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. तपासणीचा दिवस आणि त्याच्या आधीचे दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत, कारण त्या दिवसांत झोप उडते, जरा पाठ दुखली तरी मनात नको ते येते आणि माणूस घरच्यांवर चिडतो. लग्ने, बारशी आणि पूजा या लाल खुणा सांभाळून उरलेल्या जागेत बसवाव्यात. एका आठवड्यात बाहेरचा एकच मोठा कार्यक्रम, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात खिचडी, एवढा नियम मी पहिल्या वर्षी पाळला. केमोनंतर काही काळ विसरायलाही होते, त्यामुळे जे ठरेल ते लगेच लिहून ठेवावे.

घरातल्या कामांबाबत माझे मत ठाम आहे: मदत मागू नये, अख्खे काम सोपवावे. ‘जरा भाजी आणून द्या’ असे म्हटले की कोणती भाजी, किती, कुणाच्या डब्यासाठी आणि संपली कधी, हा सगळा विचार आपल्याच डोक्यात राहतो आणि फक्त पिशवी दुसऱ्याच्या हातात जाते. त्याऐवजी ‘सोमवार ते शनिवार मुलीचा डबा तुमच्याकडे’ असे सांगावे आणि मग खरोखरच त्यात लक्ष घालू नये. माझ्या यजमानांनी पहिल्या आठवड्यात तीन दिवस बटाट्याची भाजी दिली. चौथ्या दिवशी मुलीने स्वतःच त्यांना यादी करून दिली, आणि तो प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही.

हातांची काळजी मात्र आपली आपणच घ्यावी. केमोच्या काही औषधांनी बोटांची टोके आणि तळपाय बधिर होतात, आणि ही बधिरता उपचारांनंतर बरेच महिने टिकू शकते. त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला मी नेहमीप्रमाणे एकवीस मोदक वळायला बसले. उकड मळताना ती किती गरम आहे हे बोटांना कळले नाही, आणि पाकळ्या चिमटीत धरल्या तरी धरल्यासारख्या वाटेनात. सातव्या मोदकाला अंगठ्याजवळ फोड आल्याचे भाचीने पाहिले. पुढचे चौदा तिने वळले. तेव्हापासून मी गरम भांडे सांडशीनेच उचलते, विळीऐवजी सुरी आणि कापायची फळी वापरते आणि घरातही चप्पल घालते. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील त्या बाजूच्या हातावर एकदम जड ओझे घेऊ नये; भाजीची भरलेली पिशवी त्या कोपरात अडकवण्याची सवय सोडावी आणि वजन उचलणे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे. तो हात सुजला, लाल झाला किंवा सोबत ताप आला, तर घरात पाहुणे असोत वा सण असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नवी गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे किंवा चालताना लागणारी धाप यांसाठीही पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

नातेवाइकांशी बोलताना एकच वाक्य तयार ठेवावे. गव्हांकुराच्या रसापासून गोमूत्रापर्यंत सगळे सुचवले जाते आणि सुचवणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून मी वाद घालत नाही. ‘डॉक्टरांना विचारते आणि मग ठरवते’ असे म्हणते आणि खरोखरच विचारते. हरतालिका, नवरात्र किंवा मार्गशीर्षातले गुरुवार यांच्या उपवासांचेही तसेच. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात ते हार्मोन रोखणारी रोजची गोळी पाच, कधी दहा वर्षे चालू असते आणि ती उपवासासाठी चुकवायची नसते. सासूबाईंना हे मी सांगितले तेव्हा पटले नाही, म्हणून पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेले. डॉक्टरांनी दोन मिनिटे समजावले आणि त्या वर्षी माझ्या वाटचा उपवास त्यांनी आपणहून केला. मुलांपासूनही काही लपवू नये. मुलीच्या वयाला समजेल तेवढे खरे सांगितल्यावर तिची रात्रीची रडारड थांबली.

मंडळाचे काम सोडू नये, असे मला मनापासून वाटते, कारण आजारपणात आपण फक्त रुग्ण होऊन बसतो आणि भजनी मंडळात गेल्यावर पुन्हा आपल्या नावाने ओळखले जातो. फक्त काम बदलून घ्यावे. पूर्वी मी प्रसादाचे पाहत असे, म्हणजे चार तास उभे राहणे. आता वर्गणीची वही माझ्याकडे असते, जी बसून लिहिता येते आणि घरीही आणता येते. येण्याआधीच जाण्याची वेळ सांगून ठेवावी. ‘मी आठ वाजता निघेन’ हे आधी सांगितले की आठ वाजता उठताना कुणाला वाईट वाटत नाही. कार्यक्रम दूर असेल तर गर्दीची वेळ टाळावी. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा असते. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे पर्समध्ये ठेवावीत आणि डब्यात चढताना संकोच करू नये. ज्यांच्याशी घरातले बोलणे होत नाही, त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे आधारगटाची चौकशी करावी. इंडियन कॅन्सर सोसायटी तर १९५१ पासून मुंबईत रुग्णांसाठी काम करत आहे.

दर तीन-चार महिन्यांनी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून कामांची वाटणी पुन्हा मांडावी, कारण ताकद हळूहळू परत येते आणि सांभाळणाराही थकलेला असतो, हे आपल्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या चकल्या परत माझ्याकडे घेतल्या आणि यजमानांना रविवारची सकाळ त्यांच्या मित्रांसाठी मोकळी करून दिली. डबा अजूनही तेच करतात.