कपड्यांची समुद्रमार्गे निर्यात: गोव्यातून या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

वास्कोतील फॉरवर्डरच्या, म्हणजे इतरांचा माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्याच्या कार्यालयात नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींना बहुधा असे वाटते की आपले काम मुरगावच्या धक्क्यावर, जहाजांच्या सान्निध्यात चालेल. प्रत्यक्षात मुरगाव हे प्रामुख्याने खनिज आणि कोळशाचे बंदर आहे. तेथून कंटेनरही जातात, परंतु युरोप-अमेरिकेकडच्या मोठ्या नियमित सेवा न्हावा शेवाहून सुटत असल्यामुळे गोव्यातला कपड्यांचा माल बहुतेक वेळा ट्रकने तिकडे पाठवावा लागतो. कपड्यांच्या निर्यातीत कित्येक वर्षे काढूनही ज्यात आपला माल चढला ते जहाज कधी पाहिलेच नाही, असे लोक आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत, आणि त्यात वावगे काही नाही, कारण या मालाचा नफातोटा कार्टन बंद होतो त्या टेबलावर आणि शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र, भरले जाते त्या संगणकावरच बव्हंशी ठरून गेलेला असतो.

गोव्यातील ग्राहकवर्ग जरा वेगळा आहे. तामिळनाडूतील तिरुपूरसारखे कपड्यांचे मोठे कारखाने येथे नाहीत. हणजूण, हडफडे या पट्ट्यात हंगामभर राहणारे परदेशी दुकानदार जयपूर, मुंबई आणि स्थानिक शिवणकामगारांकडून थोडा थोडा माल जमवतात आणि पावसाळ्यापूर्वी तो आपल्या देशी रवाना करू पाहतात. अशा ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगावे लागते की भारतातून व्यापारी निर्यात करायची तर आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी नोंदणी) क्रमांक असलेला निर्यातदार हवा, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकेचा क्रमांक) त्या बंदरावर नोंदवलेला हवा आणि पैसे बँकेमार्फतच आले पाहिजेत. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने हे करता येत नाही. हे ऐकून काही जण दुसऱ्या एजंटाकडे निघून जातात. त्यांना खुशाल जाऊ द्यावे.

माल थोडा असल्याने तो एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून जातो. एलसीएलचे भाडे एक घनमीटर किंवा एक टन, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारतात. कपडे हलके आणि फुगीर असल्याने येथे नेहमी सीबीएम (घनमीटर) हेच माप लागू होते, वजन नव्हे. उदाहरणार्थ, ६० × ४० × ४० सेंटिमीटरच्या कार्टनचा आकार ०.०९६ सीबीएम, आणि अशी ५० कार्टने म्हणजे ४.८ सीबीएम. आता कपडे कोंबल्याने झाकण वर येऊन उंची ४५ सेंटिमीटर झाली, तर तीच ५० कार्टने ५.४ सीबीएम होतात, कारण गोदामातला माणूस मोजपट्टी फुगवट्याच्या माथ्यावरच लावतो आणि त्याचेच माप ग्राह्य धरले जाते. म्हणून नवोदितांनी पॅकिंग लिस्टवरील आकडे तसेच पुढे न पाठवता, शक्य असेल तेव्हा स्वतः मोजपट्टी घेऊन बंद कार्टन मोजावे, आणि तेही उचलून, हलवून, दुसऱ्या कार्टनखाली काही वेळ ठेवून झाल्यावर. सात पदरी मजबूत खोक्याचा खर्च ग्राहकांना खुपतो, परंतु तीन पदरी खोके थराच्या तळाशी चेपते आणि मग आतले कपडेच वरचा भार उचलतात.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि गोव्यात तर ती जन्मजातच शिकलेली असायला हवी. प्रमाणित हवेत सुती धाग्यात साधारण साडेआठ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम अर्धा टक्का. जून-जुलैच्या दमट हवेत घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केलेला सुती कुडता आपला ओलावा सोबत घेऊनच निघतो. पुढे थंड पाण्यात कंटेनरचे पत्रे गार पडले की आतील हवेतले पाणी छतावर जमून मालावर ठिबकते. संपूर्ण कंटेनर आपला असेल तर भरण्यापूर्वी आत उभे राहून दारे बंद करून घ्यावीत आणि कोठून उजेड येतो का ते पाहावे, लाकडी तळ हाताने चाचपावा, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बाजूंना टांगाव्यात. एलसीएलमध्ये मात्र कंटेनर आपल्या हाती नसतो, शेजारी मसाला असेल की कातडे, हेही कळत नाही. तेव्हा बचाव कार्टनच्या आतच करावा लागतो. इस्त्रीनंतर कपडे पूर्ण निवू द्यावेत, कार्टनला आतून अस्तर द्यावे, प्रत्येक पिशवीत सिलिका जेल घालावे.

कागदपत्रांत सर्वाधिक काळजी मालाच्या वर्णनाची घ्यावी. निट, म्हणजे होजिअरीच्या कापडाचे कपडे एचएस संहितेच्या (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या) ६१व्या प्रकरणात येतात, हातमाग किंवा यंत्रमागाच्या कापडाचे शिवलेले कपडे ६२व्या प्रकरणात. किनाऱ्यावर ज्याला सर्रास ‘कॉटन फ्रॉक’ म्हणतात, ते कापड अनेकदा रेयॉन निघते. सुती असता तर बायकांचा झगा ६२०४ ४२ मध्ये गेला असता, रेयॉनचा ६२०४ ४४ मध्ये जातो, आणि पलीकडच्या देशातील जकात तसेच लेबलवरील धाग्याची माहिती त्यावर अवलंबून असते. मिश्र धाग्याच्या कापडात वजनाने ज्याचे प्रमाण अधिक, तोच धागा मानतात. ग्राहकाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. कापड खरेदीचे बिल मागवावे, आणि शंका असेल तर धागा जाळून पाहण्यापेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. ६१, ६२ आणि ६३ प्रकरणांतील मालावर मिळणाऱ्या आरओएससीटीएल (राज्य व केंद्राच्या करांचा परतावा) सवलतीचा दावा शिपिंग बिलातच करायचा असतो, हे भरताना ध्यानात ठेवावे.

वेळापत्रकाविषयी थोडेच सांगतो. ट्रक कोकणातून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने जावो किंवा घाट चढून कोल्हापूर-पुण्यावरून, पावसाळ्यात एक-दोन दिवसांची सवड धरूनच कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठी माल पोचवण्याची शेवटची मुदत, गाठण्याची तारीख ठरवावी. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि युरोपच्या प्रवासात साधारण दहा-चौदा दिवसांची भर पडली. उन्हाळी कपडे ठरावीक आठवड्यात दुकानात लागायचे असतील तर असा वळसा ग्राहकाच्या हंगामावरच येतो, म्हणून मार्ग कोणता हे बुकिंगपूर्वी विचारून घ्यावे.

एलसीएलचे दर पाहताना ग्राहक समुद्रभाड्याचा आकडा पाहतो आणि स्वस्त दिसणाऱ्या ठिकाणी जातो. समुद्रभाडे जवळजवळ शून्य दाखवून पलीकडच्या गोदामात हाताळणी व डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडण्याच्या आदेशाचे) शुल्क भरमसाट लावणारे कन्सॉलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारे, असतात; मग ते मोठे बिल हातात पडल्यावर ग्राहक आपल्यालाच फोन करतो. दर देतानाच पलीकडचे शुल्क लेखी मागवून ग्राहकाला दाखवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

कामाची पायरी म्हणाल तर कस्टम्स ब्रोकरकडे (निर्यातदाराच्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या परवानाधारकाकडे) नोकरीला लागल्यावर प्रथम एच कार्ड हे ओळखपत्र मिळते, त्यासाठी परीक्षा नसते. त्यापुढच्या ‘जी’ कार्डाला विभागीय परीक्षा द्यावी लागते आणि ते मिळाल्यावर कागदपत्रांवर सही करण्याची जबाबदारी अंगावर येते. ज्यांना ब्रोकरचा परवानाच हवा, त्यांच्यासाठी वेगळी लेखी व तोंडी परीक्षा असते. दोन्हींसाठी सीमाशुल्क कायदा १९६२ मुळातून वाचावा. कार्यालयातील जुन्या फायलींवरून शिकलेले नियम अनेकदा बदलून गेलेले असतात.