‘स्क्रू द्या’ एवढ्यानं भागत नाही

कामाला लागून पंधरा दिवस झाले असतील. मिस्त्रींनी मला नागपूरच्या इतवारीत, लोहा ओळीत पाठवलं. कब्ज्याचे, म्हणजे दाराच्या बिजागरीचे स्क्रू आण, एवढंच सांगितलं. काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "कितीचा, किती नंबर, कशात लावायचाय?" मी म्हटलं, "दाराला." त्यांनी माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली आणि त्याचा माल काढायला लागले. मी रिकाम्या हातानं परत. मिस्त्री म्हणाले, "काहून बे, दुकान बंद होतं का?"

दारांच्या फिटिंगमध्ये मला आता अकरा वर्षं झाली. आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड वर्षभराचा, आठवी पासवर मिळतो. तिथून आलेली पोरं रंधा, पटाशी बरी धरतात, पण दुकानात उभं केलं की माझ्यासारखीच गडबडतात. म्हणून हे लिहितोय.

खोक्यावर ३५ × ८ लिहिलेलं असतं. ३५ म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. ८ म्हणजे नंबर, म्हणजेच जाडी. ६ नंबर साधारण साडेतीन मिलिमीटर, ८ नंबर ४.२ च्या आसपास, १० नंबर ४.८. नंबर वाढला की स्क्रू जाड होतो. चपट्या डोक्याच्या, म्हणजे सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, कारण डोकं आत बसतं. पॅन हेडचं डोकं बाहेर राहतं, म्हणून त्याची लांबी डोक्याखालून.

कब्ज्याला सीएसकेच लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती डोक्याच्या मापात. कब्ज्याच्या छिद्राला वाटीसारखा उतार असतो, तो ठरावीक नंबरासाठी पाडलेला. त्यात एक नंबर मोठा स्क्रू घातला की डोकं केसभर वर राहतं. दोन्ही पात्यांवरची डोकी समोरासमोर येतात, एकमेकांना टेकतात, आणि दार लावलं की हळूच परत उघडतं. मग आपण चौकट रंधतो, खाच खोल करतो, दुपार जाते. त्यापेक्षा दुकानातच कब्जा हातात धरा, स्क्रू छिद्रात सोडा आणि वरून नख फिरवा. नख अडलं तर तो स्क्रू परत द्या. मी अजूनही खिशात कब्जा घेऊनच दुकानात जातो. त्यात कमीपणा वाटायचं वय गेलं.

आता काळ्या स्क्रूबद्दल. हा माझा जुना घाव आहे.

बेसा भागातल्या घरांच्या एका स्कीममध्ये नऊ फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून सपाट दारं, बसवायची होती. हाती नवा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे झटके देत स्क्रू पिळणारं मशीन होतं आणि जिप्सम सीलिंगवाल्यांचा काळ्या स्क्रूचा डबा जवळच पडला होता. टोक तिखट, छिद्र पाडायची गरज नाही, सरसर आत जातात. दोन दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं आणि मी स्वतःवर खूश. दोन महिन्यांनी फोन आला, हॉलचं दार घासतंय. जाऊन पाहिलं तर वरच्या कब्ज्याची दोन डोकी गायब. तिसऱ्याला पेचकस लावला नि अर्धा फेरा दिला, टक्क! डोकं हातात, दांडी लाकडात.

तो ड्रायवॉल स्क्रू. पत्र्याच्या चॅनलला जिप्सम बोर्ड धरून ठेवायला केलेला. त्याला पाणी देऊन इतका कडक केलेला असतो की तो वाकत नाही, सरळ तुटतो. मानही बारीक. सीलिंगचं बोर्ड एका जागी गप्प लटकतं, दार मात्र दिवसातून पन्नास वेळा हिसका देतं, आणि पोरांच्या घरात जास्तच. शिवाय तो काळा थर काही गंज थांबवत नाही. नऊच्या नऊ दारं पुन्हा उतरवली. अडकलेल्या दांड्यांभोवती लाकूड कोरून काढलं, सागवानाच्या गुल्ल्या, म्हणजे छोट्या खुंट्या, फेविकॉल लावून ठोकल्या, त्या सुकल्यावर नवी छिद्रं. ती मजुरी कोणी देत नाही.

मी कब्ज्याला ३५ × ८ चा लाकडाचा स्क्रू वापरतो, वरच्या कब्ज्याला जमलं तर ५० चा. सात बाय तीन फुटांचं ३५ मिलिमीटर जाड सॉलिड फ्लश डोअर ३५-४० किलोच्या घरात जातं, आणि ते पुढे झुकतं ते वरच्या कब्ज्याच्या जिवावर. कब्जे तीन लावा. घरमालक दोनवर भागवा म्हणाला तर ऐकू नका.

फ्लश डोअरची आतली रचना मात्र समजून घ्या. कडेनं कठीण लाकडाची चौकट असते, मध्ये भरणा. स्क्रूची पकड त्या कडेत आहे. भिंतीतली चौकट लहान निघाली म्हणून दार एकाच बाजूनं इंच-दीड इंच कापून टाकलं तर कब्ज्याखाली उरते ती नुसती चिपटी, आणि कितीही लांब स्क्रू घेतला तरी तो भरण्यात शिरतो. कापायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं.

चौकटीचं सागवान आपल्याकडे चांगलं मिळतं. नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं, त्यामुळे लकडगंजात, आमच्या लाकूडबाजारात, आजकाल प्रत्येक जण तोच माल दाखवतो. पण चांगलं सागवान म्हणजे छिद्र पाडल्याशिवाय स्क्रू नाही. ८ नंबरला ३ मिलिमीटरचा ड्रिल, मऊ लाकडाला अडीचचा. टोकाला मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो ओल धरतो. पितळी कब्जा, पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्या, तो काढा आणि मग पितळी लावा. पितळ मऊ असतं. थेट पिळलं की डोक्याची खाच तरी जाते, नाहीतर मान तरी.

गंजाचं म्हणाल तर नागपुरात पावसाळ्यापेक्षा मला कूलरचा जास्त धाक. खिडकीतल्या कूलरशेजारचं दार मार्चपासून जूनपर्यंत ओल खातं. तिथे कब्जा स्टेनलेस आणि स्क्रू पॉलिशवाला लोखंडी, असं करू नका. दोन धातू ओलीत एकत्र आले की लोखंड लवकर खाल्लं जातं, आणि स्क्रूखालून काळा ओघळ उतरतो. स्टेनलेसचे प्रकार नंबरांनी ओळखतात; ३०४ चांगलं, २०२ हलकं. दुकानात लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे" म्हणतात. २०२ सुद्धा चिकटत नाही! चुंबकानं फार तर साधं लोखंड आणि चिकटणारं ४१० स्टेनलेस ओळखता येतं. ३०४ साठी खोक्यावरचं नाव आणि बिलावर लिहून घेणं, एवढंच आपल्या हातात. बाथरूमच्या दाराला ३०४ लावूनही फरशीचं अ‍ॅसिड ओतत राहिले तर त्याच्या वाफेनं डाग पडतातच. हे घरमालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शिव्या आपल्याला.

मशीनबद्दल थोडकं. ८ नंबरला पीएच-२ बिट, म्हणजे मशीनला लावायचं फुली टोकाचं पातं. घासलेली बिट फेकून द्या, वीस रुपयांची बिट वाचवायला गेलात तर शंभर स्क्रूंची डोकी खराब होतात. क्लच कमी ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हातानं. आटे गेले आणि स्क्रू नुसता फिरायला लागला तर काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेता येते, पण ते दार परत बोलावतं. गुल्लीच मारा.

मेन डोअरच्या अल्ड्रॉपला, म्हणजे कुलूप लावायच्या मोठ्या कडीला, नुसते स्क्रू लावू नका. बाहेरून पेचकस लावून जो निघतो तो चोरालाही निघतो. आरपार बोल्ट, गोल डोकं बाहेर, नट आतल्या बाजूनं. मॉर्टाइज लॉकच्या, म्हणजे दाराच्या जाडीत बसणाऱ्या कुलपाच्या, हँडलचे लांब स्क्रू दाराच्या जाडीप्रमाणे कापायचे असतात. कापायच्या आधी नट चढवून ठेवा, काढताना तोच आटे साफ करतो. भिंतीत चौकट धरायची असेल तर आधी वीट बघा. फ्लाय अ‍ॅशच्या विटेत ड्रिलचा हॅमर चालतो, एएसी ब्लॉकमध्ये (हलका, सच्छिद्र ठोकळा) हॅमर बंद करून साधं ड्रिल, नाहीतर छिद्र फनेलसारखं होतं आणि स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी (प्लग) फिरत बसते.

हिशेब सांगून ठेवतो. चार इंची कब्ज्याला बहुतेक आठ स्क्रू, तीन कब्जे म्हणजे चोवीस. तीस घ्या. दोन पडतात, एक कपाटाखाली जातो. उरलेले कागदात बांधून घरमालकाच्या हातात द्या आणि वर माप लिहा: ३५ × ८, सीएसके, ३०४.