अ‍ॅनिमेवरून चित्रपट करताना

अ‍ॅनिमेवरून, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनवरून, खऱ्या अभिनेत्यांचा चित्रपट करायचा असेल, तर आधी कथेतला एकच संघर्ष निवडावा. ‘डेथ नोट’ या अ‍ॅनिमे मालिकेचे 37 भाग 2017 च्या अमेरिकी चित्रपटाने पावणेदोन तासांच्या आत बसवायचा प्रयत्न केला आणि नायक व गुप्तहेर यांच्यातली बुद्धीची झुंज, म्हणजे मूळ कथेचा प्राणच, पातळ झाली.

त्यानंतर काय ठेवायचे ते ठरवावे. केइशी ओतोमो दिग्दर्शित 2012 चा ‘रुरोनी केन्शिन’ हा एका तलवारबाजावरचा चित्रपट येथे बारकाईने पाहावा: नायकाच्या डाव्या गालावरची फुलीसारखी खूण आणि उलट्या धारेची तलवार कायम आहे, कारण माणूस न मारण्याची त्याची शपथ त्या तलवारीतच दिसते, परंतु चित्रातल्या अशक्य उड्यांऐवजी मारामारीच्या दृश्यांचे दिग्दर्शक केंजी तानिगाकी यांनी धावत, घसरत, जमिनीलगत लढणारे शरीर उभे केले. वेशभूषेवर मात्र अकारण पैसा उधळू नये. हुबेहूब रंगाचा केसांचा टोप अनेकदा स्नेहसंमेलनाची आठवण करून देतो.

शेवटी, रेखाटलेले विस्फारलेले डोळे जे क्षणात सांगतात, ते सांगायला अभिनेत्याच्या चेहऱ्याला वेळ द्यावा लागतो; म्हणून संवाद कमी करून दृश्य थोडे लांबवावे.