एक्सेलमध्ये मराठीचा कचरा दिसतोय? आधी नोटपॅडमध्ये बघा

मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडली की सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए (à) आणि भलतीच चिन्हं दिसतात, पण डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, एक्सेलने फक्त एन्कोडिंग (फाइलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचं धरलेलं असतं.

१. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग दिसतं. जुन्या विंडोजमध्ये तिथे नसेल तर सेव्ह अ‍ॅजमध्ये बघा.
२. यूटीएफ-८ असेल तर एक्सेलमध्ये रिकामी शीट घेऊन डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, आणि फाइल ओरिजिनला ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा.

कचरा दिसत असताना सेव्ह अजिबात करू नका, मूळ अक्षरं कायमची जाऊ शकतात. आणि नोटपॅडमध्येही इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसली तर ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असू शकतं, तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टरच लागतो.